चिरूटाची पारख

ज्या वस्तूची आपल्याला मुळीच गरज नाही, तिची पारख करण्याचा प्रसंग माणसावर वरचेवर येत नाही. माझ्यावर तो गेल्या दिवाळीत आला. माझा पुतण्या परदेशातून बडनेऱ्याला आला, तो माझ्यासाठी एक चिरूट घेऊन. एकच; पण थाट नवरदेवाचा! लाकडी पेटी, आत तलम कागद, आणि अंगावर दोन पट्ट्या. एक घराण्याची, दुसरी काळी-सोनेरी, ही 'मर्यादित आवृत्ती' आहे असे स्पॅनिश भाषेत सांगणारी. पुस्तकाची मर्यादित आवृत्ती मला ठाऊक होती; धुराचीही निघते हे नव्याने कळले.

"काका, घाई करू नका. सावकाश ओढा, अन् चव कशी लागली ते मला कळवा," असे म्हणून त्याने एक छापील कागदही हाती दिला. त्यावर रंग, बांधणी, ज्वलन, चव अशी सदरे होती आणि शेवटी शंभरापैकी गुण. उभा जन्म मी शाळेत शंभरापैकी गुण देण्यात घालवला, तेव्हा कागद ओळखीचा वाटला. विषय मात्र असा, की त्यात परीक्षकच नापास! मी तंबाखूला कधी शिवलो नाही. जी वस्तू कधी चाखली नाही, तिच्याविषयी मत देण्याचा मला अधिकार काय?

हा प्रश्न जुना आहे, आणि तो तंबाखूच्याच निमित्ताने एकदा मोठ्या दरबारात निघाला होता. 1604 च्या सुमारास असदबेग नावाचा मोगल सरदार आपल्या दख्खनेतल्या विजापुराहून तंबाखू घेऊन आग्र्याला गेला आणि रत्नजडित नळीसह ती त्याने अकबरापुढे ठेवली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अडून बसले: ग्रंथात नाव नसलेले हे औषध आम्ही निर्धोक कसे म्हणावे? असदबेगाचे म्हणणे असे, की प्रत्येक रीत कधीतरी नवीनच असते. केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून एखादी वस्तू टाकू नये, असा कौल बादशहाने दिला. स्वतः मात्र तिच्या नादी लागला नाही. नादी लागले ते उमराव. पुढे 1617 मध्ये जहांगीराने बंदी घातली, तीही धुरासारखीच विरून गेली.

म्हटले, अकबराइतके तरी आपण करावे. पण एकट्याने धीर होईना, म्हणून शेजारच्या भाऊसाहेबांना बोलावले. 1972 साली सरकारने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, तीत ते पुढे ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांच्या बेचक्यात ओढून ते धाग्याची लांबी सांगत. ओलावा किती, कवडी किती, माल पहिल्या वेच्याचा की फरदडीचा, हे त्यांचा हात बोले. आमच्या वऱ्हाडाला पारखीचे काही अप्रूप नाही. कारंज्याला 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला, तो देशातला पहिला मानतात. नजरेने आणि बोटांनी मालाचे मोल ठरवणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

संध्याकाळी अंगणात बसलो. भाऊसाहेबांनी चिरूट कानाशी धरून हलकेच दाबला, हुंगला, पानाची शीर उजेडात पाहिली. मी पुतण्याकडून ऐकलेले सांगत होतो: क्यूबात 2000 सालापासून अशा खास आवृत्त्या निघतात, यातले पान निदान दोन वर्षे मुरवलेले असते, सारे वळण हाताचे. तेथील कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा आहे. ड्यूमाची कादंबरी कामगारांना इतकी आवडली, की एका चिरुटाचे नावच 'मॉन्टेक्रिस्टो' पडले. शेवटी किंमत सांगितली. ती साधारण एका क्विंटल कापसाच्या भावाएवढी होती.

भाऊसाहेब क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, बांधणी एक नंबर हाय. हात सरावाचा हाय. पण हे कोन्या कामाचं, ते सांगा. कापसाची ग्रेड लावतो तं त्याचं सूत होते, सुताचं धोतर होते. याचं काय होते?"

"राख," मी म्हणालो.

"मंग राखेची ग्रेड कशी लावू?"

तरी पेटवला. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडातच खेळवायचा, अशी पुतण्याची ताकीद होती. (तोंडातच ठेवला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही, तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाला तेवढाही पुरतो.) पहिला झुरका जिभेला कडू लागला. दुसऱ्यात भाजल्या गुळाचा करपट गोडवा आला. कागदावर देवदार, चामडे, कोको असे मासले दिले होते. देवदार मी जन्मात हुंगलेला नाही. मला आठवली ती पावसात भिजलेली पऱ्हाटी चुलीत घातल्यावर येणारी वाफ. माणूस नवी चव घेतो तीही जुन्याच जिभेने.

तिसऱ्या झुरक्याला मात्र कोको नव्हे, पऱ्हाटीही नव्हे, माझे वडील आले.

वडील बडनेऱ्याच्या स्टेशनात सांधेवाले होते. मुंबई-हावडा गाड्यांची ये-जा आणि अमरावतीचा फाटा, त्यामुळे रात्रपाळी सुटत नसे. आणि रात्रपाळीला सोबत बिडीची. घरात आम्ही सारे त्यांच्या मागे लागलेलो. आई बोलायची, मी व्याख्याने द्यायचो, आणि हाच पुतण्या, तेव्हा सहा वर्षांचा, आजोबांचा बिडीचा कट्टा विहिरीत टाकून आला होता. आम्ही त्याचे कौतुक केले. वडील शेवटी खोकून खोकून गेले. आमचे म्हणणे खरे ठरले होते, यात शंका नाही.

आणि आज तोच पुतण्या तीच तंबाखू पेटीत घालून आणतो, आणि मी तिला शंभरापैकी गुण देतो! बिडी हे व्यसन आणि चिरूट ही रसिकता, हा भेद कोठून आला? कारागिरी म्हणावी, तर बिडीलाही हात लागलेलेच असतात. मे महिन्याच्या उन्हात कोणी तेंदूची पाने तोडते. भंडारा-गोंदियाकडे बाया मांडीवर सूप घेऊन हजाराच्या दराने बिड्या वळतात. त्यांना कादंबरी वाचून दाखवायला कोणी नसते, एवढाच फरक. मग उरला भेद पैशाचा. जो महाग धूर सोडतो त्याला जीभ असते, आणि जो स्वस्त सोडतो त्याला नुसती तलफ, असे आपण धरून चालतो.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षे डोळ्यांपुढे असून मी पाहिली नव्हती. वडील कट्टा सोडला की एकेक बिडी कानाशी नेऊन बोटांत हळूच फिरवीत. एखादी बाजूला ठेवीत, म्हणत, "ही ओली हाय." दुसरीला म्हणत, "ही सैल वळली. पोरगी नवी दिसते." अगदी भाऊसाहेबांनी आज केले तसे. ते पारखी होते. ती बिडी वळणारी न पाहिलेली पोरगीही त्यांच्या हिशेबात होती. आम्ही त्यांना बिडी सोडा म्हणालो हे योग्यच केले. पण तिच्यात त्यांना काय कळते, हे कधी विचारले नाही. माणसाचे व्यसन दिसले, की त्याच्यातला जाणता आपल्याला दिसेनासा होतो. ही चूक विषाहून सौम्य असेल. पण ती आमची होती.

मी हे बोलून दाखवले. भाऊसाहेब म्हणाले, "सर, आम्ही वजन एका रकान्यात लिवत होतो, ग्रेड दुसऱ्या. कोनी कोनाला खात नव्हतं. वस्तू चांगली वळली हे खरं. वस्तू वाईट हेबी खरं. दोन रकाने ठेवा."

मला वाटते, यापेक्षा अधिक शहाणपण मला कोठल्या ग्रंथात सापडले नसते. कौशल्याने विष शुद्ध होत नाही, आणि विषामुळे कौशल्य खोटे ठरत नाही. महाग असो की स्वस्त, दोन्ही रकाने भरायचे, आणि प्रत्येकाचे भरायचे.

चिरूट अर्धाच ओढला आणि विझू दिला. त्या छापील कागदावर 'बांधणी'पुढे मी पैकीच्या पैकी गुण लिहिले, बाकीची सदरे कोरी ठेवली. पाठीमागे पुतण्याला लिहिले: "माल उत्तम. पुन्हा आणू नकोस, आणि तूही ओढू नकोस. पुढच्या दिवाळीला आलास की आजोबा बिडी कशी निवडीत, ते तुला करून दाखवीन. न पेटवता."