दगड कोणाची साक्ष देतात?

वाचकहो, भिलाईतील कोहका येथून स्थलदर्शनास निघालात, तर देवबलोदाचे कलचुरीकालीन शिवमंदिर अवश्य पाहाल. तेथील शिल्पे मन वेधून घेतात. शिल्पकारांची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत. पुढे पोलाद कारखाना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले, हे सर्वत्र नोंदलेले आहे. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्यांची नावे कोण सांगणार?

परंतु भिलाई पॉवर हाऊस रेल्वे स्थानकापाशी क्षणभर थांबाल काय? १ जुलै १९९२ रोजी तेथे रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. डझनाहून अधिक कामगार मरण पावले. जगण्यापुरते वेतन मिळावे, कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे, ही त्यांची मागणी होती. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा खून आदल्याच वर्षी झाला होता.

हाबेलाचे रक्त भूमीतून ओरडते, असे आपण शास्त्रातून शिकलो. मग जुने ते वंदनीय आणि कालचे ते विसरण्याजोगे, हे आपण कसे ठरवावे? सौंदर्य पाहणे सोपे. ज्यांच्या श्रमांनी ते उभे राहिले त्यांचे ऋण मानणे कठीण. ते ऋण मानले, तर घरी परतल्यावर आपल्या दारी राबणाऱ्याची मजुरी आपण अडवून ठेवणार नाही.