उतरलेली प्रत्यंचा

खंडेनवमीच्या सकाळी जालना जिल्ह्यात घरोघरी पाटावर जे मांडले जाते, त्याला शस्त्र म्हणायचे ते मानापुरते. विळा, कोयता, खुरपे, नांगराचा फाळ. गावात शिलाई मशीन. औद्योगिक वसाहतीत पान्हे आणि लेथ. पण मोजक्या घरांत त्याच पाटावर आजोबांच्या वेळची बाराबोर येते आणि प्रश्न एकदम खरा होतो. ज्याने जीव जातो, त्याला हळदकुंकू वाहायचे ते कशासाठी?

उत्तरासाठी आधी अशी एक जुनी बाराबोर खोलून पाहू. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत जगभर नावाजलेली म्हणजे ब्राउनिंग ऑटो-५. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० मध्ये तिचे पेटंट घेतले, बेल्जियममधल्या एफएन कारखान्याने ती बनवायला घेतली आणि १९९८ पर्यंत ती बनत राहिली. बार उडाला की तिची नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे येतात. पुढची टोपी फिरवून काढली की हाताखालचे लाकूड सुटते, मग नळी. आत काडतुसांच्या नळकांड्यावर एक जाड स्प्रिंग दिसते आणि तिच्याबरोबर एक पोलादी कडी. सगळा जीव त्या कडीत आहे. जड काडतुसाला ती स्प्रिंगच्या वर बसवायची, हलक्याला खाली. जड काडतुसाला ती खालीच राहिली तर प्रत्येक बाराला नळी मागे आदळते आणि एक दिवस लाकडाला चीर जाते. म्हणून जाणकार माणूस अशी बंदूक हाती घेतली की आधी ते लाकूड पाहतो, नक्षी मागून.

जालन्यात जुने लोखंड भट्टीत जाते आणि सळई होऊन बाहेर पडते. किलोवर मोजले तर या बंदुकीची किंमत तेवढीच. तिचे मोल त्या न गेलेल्या चिरेत आहे, म्हणजे आधीच्या दोन पिढ्यांनी घेतलेल्या काळजीत. आणि नेमकी पूजाच ती काळजी मोडू शकते. ओले कुंकू, पाण्याचा शिंतोडा, घामेजला हात नळीवर पडला आणि बंदूक तशीच गवसणीत गेली, तर दिवाळीपर्यंत तिथे गंजाचा ठिपका उमटतो.

पूजेचा अर्थ मग कुठे शोधायचा? खंडेनवमी आणि दसऱ्याशी जोडलेली कथा सगळ्यांना ठाऊक आहे: अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. पण विराटपर्वातला एक तपशील सांगताना बहुधा गळतो. शस्त्रे झाडावर चढवण्याआधी त्यांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या. शस्त्र टाकले नाही, सोडले नाही. फक्त ते लगेच चालणार नाही असे केले. वर्षभर ते तसेच राहिले.

हाच विचार जालना शहरात दुसऱ्या वाटेने भेटतो. इथले गुरु गणेश तपोधाम हे स्थानकवासी जैनांचे मोठे श्रद्धास्थान. स्थानकवासी श्रावक प्रतिक्रमणात आपल्या बारा व्रतांतले दोष आठवतो. त्यांतल्या आठव्या, अनर्थदंडविरमण व्रताचा एक अतिचार आहे ‘संयुक्ताधिकरण’, म्हणजे हिंसेला उपयोगी पडणारे साधन जोडून, तयार ठेवणे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी त्याची उदाहरणे शेतकऱ्याच्या घरातलीच दिली आहेत: उखळाशी मुसळ, नांगराशी फाळ, धनुष्याशी बाण. जोडलेले असले की कोणीही उचलून नेतो. सुटे असले की नाही म्हणायला जागा राहते. अहिंसेचा इतका कडक आग्रह धरणाऱ्या परंपरेने संसारी माणसाकडे पाहून केलेला हा बारीक विचार आहे, आणि तो बंदुकीच्या कपाटाला जसाच्या तसा लागू पडतो.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, याच जिल्ह्यातल्या जांबचा. सज्जनगडावर त्यांच्या वस्तूंमध्ये गुप्ती असलेली कुबडी दाखवतात. जपाला बसताना हात टेकायची वस्तू, आणि पाते तिच्या पोटात. रामदासांची परंपरा शस्त्र नाकारणारी नव्हे. पण ते झाकलेले आहे, हेही पाहिले पाहिजे.

यावर शेतकरी विचारेल, आणि त्याचे विचारणे रास्त आहे: सुटी करून ठेवलेली बंदूक रात्री काय कामाची? रोही आणि रानडुकरे एका रात्रीत पीक आडवे करतात. पण बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची मुभा नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याच्या आड उभा आहे. राहिली घरातली भांडणे, बांधाचे वाद आणि मनातली निराशा. तिथे नळी जोडून काडतूस शोधायला लागणारी दोन-चार मिनिटे हाच खरा पहारा. तेवढ्यात राग ओसरतो, कोणीतरी जागे होते.

२०१९ मध्ये दसरा ८ ऑक्टोबरला आला आणि विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरलाच लागली होती. शस्त्र परवान्यांच्या छाननी समितीने ज्यांना शस्त्र जमा करायला सांगितले त्यांच्या बंदुका त्या नवमीला पोलिस ठाण्यात होत्या. शमीवरची शस्त्रेच जणू. त्याच वर्षी शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन इतरांच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा बार काढणे गुन्हा ठरले: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितले आहे. त्यामुळे वडिलांच्या पश्चात अडगळीत पडलेली, नळीत काय आहे हे कोणालाच माहीत नसलेली बंदूक ही सांभाळलेल्या बंदुकीपेक्षा वाईट. परवाना वारशाने आपोआप येत नाही. वारसाने अर्ज करावा लागतो. ज्याला तिची निगा झेपत नाही, त्याने ती रीतसर जमा करावी. त्यात बापाचा अपमान नाही.

आणि ज्याच्याकडे ती राहणार आहे, त्याने येत्या खंडेनवमीला एवढे करावे. आदल्या दिवशी नळी रिकामी असल्याची खात्री करून बंदूक खोलावी, पुसावी, तेलाचा पातळ हात द्यावा. कुंकवाचे बोट लाकडी दस्त्याला लावावे, नळीला नको. पूजा झाली की पुन्हा पुसून नळी एका जागी ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या वेगळ्या.