नैवेद्य, शेजारधर्म आणि पौलाचा उपदेश

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या दिवशी दुपारी एक-दीडच्या सुमारास पुण्यातील पुष्कळ ख्रिस्ती घरांची घंटा वाजते. दारात शेजारचा मुलगा किंवा सून उभी असते. हातात झाकलेली ताटली, तीत दोन उकडीचे मोदक, त्यांवर तुपाची धार आणि कडेला चिमूटभर खिरापत. ‘आईने प्रसाद दिला आहे,’ एवढे बोलून ती व्यक्ती थांबते. त्या दोन-तीन क्षणांत घरच्या गृहिणीस जो निर्णय करावा लागतो, त्याविषयी ख्रिस्ती मंडळीत एकोणीसशे वर्षांहून अधिक काळ वाद चालत आला आहे, हे त्या मुलाच्या गावीही नसते.

बायबलातील वचने नित्याच्या आचरणात कशी आणावीत, या विषयावर आम्ही आजवर पुष्कळ प्रवचने ऐकली. त्यांत क्षमा, दान, सत्य यांची महती यथास्थित गायिलेली असते. परंतु या ताटलीविषयी व्यासपीठावरून फारसे कोणी बोलत नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापला मार्ग काढला आहे. कोणी प्रसाद घेतात व खातात. कोणी घेतात व मोलकरणीस देतात. कोणी हात जोडून ‘साखर वाढली आहे, डॉक्टरांनी गोड बंद केले आहे’ असे सांगतात. मधुमेहाने या बाबतीत आमच्या समाजावर जे धार्मिक उपकार केले आहेत, त्यांची मोजदाद करणे कठीण आहे! यांपैकी मोलकरणीचा मार्ग आम्हांस सर्वांत गैर वाटतो. त्यात देणारीची फसवणूक तर आहेच. शिवाय आपली विवेकबुद्धी तेवढी जपण्याजोगी आणि मोलकरणीस ती नसतेच, असे त्यात गृहीत धरलेले असते.

इसवी सन 55 च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीस जे पहिले पत्र लिहिले, त्यात हाच प्रश्न आला आहे. करिंथ हे ग्रीसमधील भरभराटीचे व्यापारी शहर होते. तेथील देवळांत पशूंचे बळी पडत. त्यातील काही मांस बाजारात विक्रीस येई, आणि देवळांच्या आवारात मेजवान्याही होत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी हे मांस खावे की खाऊ नये? काही सुशिक्षितांचे म्हणणे असे की, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे हे आपणांस ठाऊक आहे. मग तिला दाखविल्याने अन्नास काय होणार? आठव्या अध्यायात पौल हे तत्त्व मान्य करतो, आणि लागलीच त्या ज्ञानास प्रेमाच्या पायरीखाली बसवितो. ज्याची मूर्तिपूजेची सवय अलीकडेच सुटली आहे असा एखादा दुर्बळ बंधू तुम्हांस खाताना पाहील, मनाविरुद्ध स्वतःही खाईल, आणि त्याचे मन आतून मोडेल. असे होणार असेल तर आपण जन्मात मांसाला शिवणार नाही, असे तो लिहितो. पुढे दहाव्या अध्यायात तो अधिक तपशिलात शिरतो. बाजारात विकत घ्याल ते चौकशी न करता खा. कोणी जेवावयास बोलाविले तर पानात पडेल ते खा. परंतु हे देवतेस अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका.

आता हे शब्द सदाशिव पेठेतील एखाद्या दारात आणून पाहावेत. मुलाने ‘प्रसाद’ हा शब्द उच्चारला आहे. म्हणजे सांगणारा भेटला. शब्दास धरून चालावयाचे तर ताटली परत केली पाहिजे. परंतु पौलाने दिलेले कारण काय? सांगणाऱ्याच्या मनाची जपणूक. हा सांगणारा यजमान की पंक्तीतील दुसरा ख्रिस्ती, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. पण आमच्या दारातला सांगणारा कोण, याविषयी शंका नाही. तो शेजारी आहे, आणि ताटली परत गेली तर त्याचेच मन दुखावते. आपण प्रसाद घेतला म्हणून आपण गणपतीचे भक्त झालो, असा त्याचा मुळीच समज होत नाही. दर रविवारी आपण कोठे जातो हे तो वर्षानुवर्षे पाहत आला आहे. तेव्हा वचनाचा शब्द एकीकडे ओढतो आणि वचनाचे कारण दुसरीकडे. शब्द पाळावा तर कारण बुडते, कारण पाळावे तर शब्द मोडतो. वचन आचरणात आणणे म्हणजे या दोहोंपैकी काय आणणे, हा खरा प्रश्न आहे.

कारणाच्या बाजूने निकाल देणे आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांस फार सोपे जाते. म्हणून विरुद्ध पक्षाचे बळ आधीच सांगितले पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने मूर्तीस अर्पिलेले पदार्थ वर्ज्य करावेत असे ठरविलेले आहे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम व थुवतीरा येथील मंडळ्यांस याच कारणास्तव कडक शब्दांत दोष दिला आहे. खुद्द पौल त्याच दहाव्या अध्यायात प्रभूचे मेज आणि अन्य देवतांचे मेज या दोहोंवर बसता येत नाही असे बजावतो. पूजेत भाग घेणे व घरी आलेला पदार्थ खाणे या दोन गोष्टी पौल निरनिराळ्या मानतो, असे आमचे वाचन आहे. त्या आधारे आरतीस उभे राहणे निराळे व मोदक खाणे निराळे असे आम्ही मानतो. परंतु प्रकटीकरणात हा भेद केलेला दिसत नाही, हे आम्हांस कबूल केले पाहिजे. सोयीचे तेवढे वचन शाश्वत आणि गैरसोयीचे ते तत्कालीन, अशी वाटणी करण्याची खोड आमच्या वर्गास आहे.

अन्न आणि धर्म यांची गाठ सोडविण्याचा पुण्याचा अनुभव जुना आहे, आणि तो केवळ ख्रिस्त्यांचा नाही. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये 14 ऑक्टोबर 1890 रोजी व्याख्यानानिमित्त शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. चहाबिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावून तो खाली ठेवला. नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या मंडळीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. त्याच टिळकांनी तीन वर्षांनी सार्वजनिक गणेशोत्सवास चालना दिली, आणि आजच्या आमच्या ताटलीचा प्रश्न पेठापेठांतून मांडवापर्यंत विस्तारला. वर्गणीचा वाद त्याचाच पोटप्रश्न. तो येथे नको.

रानड्यांची गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. चहात पाप आहे असे त्यांस कधीच वाटले नाही. तरीही 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारक पक्षाने त्यांस पुष्कळ नावे ठेविली. चहा घेतलेल्या स्नेह्यांची कुटुंबे बहिष्काराखाली पोळत होती. एकट्याने ताठ उभे राहण्याचा मान घेण्यापेक्षा त्यांच्या बरोबर वाकणे रानड्यांनी पत्करले. हे चूक की बरोबर, यावर आजही दोन मते होतील. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, करिंथकरांच्या पत्राचा आठवा अध्याय आचरणात आणल्याचे पुण्यातील एक ठळक उदाहरण प्रार्थनासमाजाच्या एका पुढाऱ्याचे आहे.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांस यात जातीच्या अभिमानाचा वास आला. रमाबाईंनी मात्र पूर्वजांच्या निरुपद्रवी चालीरीती सोडण्याचे कारण दिसत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. पुढे 1889 मध्ये मुंबईस शारदासदन निघाले व दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास आले. तेथे राहणाऱ्या ब्राह्मण विधवांस आपले सोवळेओवळे पाळण्याची पूर्ण मोकळीक होती. चालिका ख्रिस्ती, आणि स्वयंपाकघर ब्राह्मणी शिस्तीचे! ज्या चालीत स्वतःचा विश्वास उरला नाही, तिची व्यवस्था दुसऱ्यांसाठी स्वतःच्या छपराखाली राखणे यास मनाची फार मोठी ताकद लागते. 1893 मध्ये काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या म्हणून गवगवा झाला, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्या स्वयंपाकघराची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

इतके लिहून आम्ही येथेच थांबलो असतो तर आमचा निबंध आमच्या बाजूने छान लागला असता. परंतु वीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

चतुर्थीचाच दिवस होता. आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ हिशेबाचे कागद घेऊन घरी आले होते. इतक्यात शेजारच्या काकूंकडून ताटली आली. आम्ही ती घेतली, त्या गृहस्थांच्या देखत एक मोदक खाल्ला, आणि दुसरा त्यांच्यापुढे सरकवून मूर्ती म्हणजे काहीच नव्हे या विषयावर, मूळ ग्रीक शब्दासकट, पाचदहा मिनिटे बोललो. त्यांनी मोदकास हात लावला नाही. कागद आवरले आणि ‘येतो, सर,’ म्हणून ते गेले. पुढले दोन रविवार ते देवालयात आम्हांशी बोलले नाहीत. तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. दुर्बळ बंधूची समजूत घालावयास, असे आमच्या मनात होते हे लपवीत नाही.

ते म्हणाले, ‘सर, तुम्ही खा. माझे काही म्हणणे नाही. तुम्हांला तो प्रसाद नेहमी हातातच मिळाला. आमच्या वडिलांच्या ओंजळीत तो वरून टाकीत. पायरीखाली उभे राहून ते ओंजळ धरीत. निम्मा बाहेर पडे, तो ते मातीतून वेचीत. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्यांनी सांगितले, आता ओंजळ धरायची नाही. कोणापुढेच नाही.’

हे गृहस्थ नगर जिल्ह्यातील एका गावच्या महारवाड्यातून आलेले. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी ब्राह्मणांतून ख्रिस्ती झाले. आमच्या पणजोबांनी धर्मांतराची किंमत मोजली, घरदार सोडले. पण ती किंमत त्यांच्याबरोबर संपली, आणि आमच्या वाट्यास शिक्षणाची परंपरा तेवढी आली. या गृहस्थांच्या घरी हिशेब अजून मिटलेला नाही. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशाने त्या सवलतींतून ख्रिस्ती बाहेर राहिले. पुढे शीख व बौद्ध यांस त्या लागू झाल्या, यांस नाहीत. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे आमचे ज्ञान फुकटात आलेले होते. ज्याला पायरीखाली उभे केले त्याच्या दृष्टीने मूर्ती ‘काहीच नव्हे’ कशी? ती पायरी होती, ते वरून टाकणे होते. त्याचे न खाणे हा विवेकबुद्धीचा दुबळेपणा नव्हे. त्या ताटलीविषयी त्याला आमच्याहून अधिक माहिती होती. पौलाची विभागणी, एकीकडे जाणते व दुसरीकडे दुर्बळ, आम्ही जशीच्या तशी उचलली होती, आणि जाणत्यांच्या बाकावर आपली जागा न विचारता धरली होती.

तरीही काकूंचा प्रश्न उरतोच. ओंजळीत वरून टाकणाऱ्या काही या काकू नव्हेत. नाताळात आमच्या घरून त्यांस फराळ जातो. त्या अंडे खात नाहीत, म्हणून आमची पत्नी केक पाठवीत नाही. करंज्या पाठविते, आणि त्यांसाठी तूप, कढई सारे वेगळे ठेविते. यास आम्ही कधी धर्माचरण म्हटले नाही, त्यासाठी कोणते वचनही शोधले नाही.

पुढल्या वर्षी ताटली आली तेव्हा मधुमेहाचा आश्रय न करता आम्ही काकूंकडे गेलो व सर्व हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. जरा वेळाने विचारले, ‘नैवेद्य दाखविण्याआधी तुमचे बाजूला काढून ठेवले तर चालेल का?’ आम्ही संकोचलो. कारण देवाआधी कोणाचे पान काढणे त्यांच्या घरच्या शिस्तीत बसत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. तसे बोलूनही दाखविले. ‘ते माझे मी पाहीन,’ त्या म्हणाल्या.

मात्र त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी, पंचमीस, त्यांनी निराळे मोदक केले, कोणापुढे न दाखविता, आणि स्वतः आणून दिले. त्या सायंकाळी ते वृद्ध गृहस्थ येणार होते. आम्ही त्यांस मोदकांची हकिगत सांगितली, आग्रह केला नाही. त्यांनी ताटलीकडे बराच वेळ पाहिले, नमस्कार केल्यासारखे हात जोडले, आणि ‘चहा घेईन,’ म्हणाले. चहा झाला. मोदक राहिले.

ताटली परत करताना रीतीप्रमाणे तीत साखर घातली. काकूंनी विचारले, ‘खाल्ले का त्यांनी?’ आम्ही खरे ते सांगितले.

‘बरे,’ त्या म्हणाल्या, ‘पुढल्या वर्षी पुन्हा करीन.’