निवाऱ्याचे मोल

सावंतवाडी ही सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी. पूर्वी हे गाव सुंदरवाडी या नावाने ओळखले जाई. खेम सावंत तिसरे (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळातील राजवाडा, त्यासमोरील मोती तलाव, चितारआळीतील लाकडी खेळणी आणि हाताने रंगविलेली गंजिफा यांमुळे १९४८ साली संस्थान विलीन झाल्यानंतरही या गावाचे राजस रूप कायम राहिले आहे. दाणोलीची साटम महाराजांची समाधी, आरवलीचा श्री देव वेतोबा, १९७६ साली खाणीत प्रकट झालेला रेडीचा द्विभुज गणपती, ही सारी स्थाने येथे मुक्काम ठेवून पाहता येतात. त्यामुळे येथे उतरणारा भाविक दर्शनाच्या वेळेइतक्याच आस्थेने आणखी एक प्रश्न विचारतो : स्वस्तात राहण्याची सोय कोठे होईल?

हा प्रश्न व्यवहाराचा आहे, परंतु त्याच्या पोटात धर्माचा एक प्रश्न दडलेला आहे. खोली भाविकाला स्वस्त मिळते, याचा अर्थ ती फुकट उभी राहिली असा नव्हे. चिरा, कौले, पाणी, वीज, झाडलोट करणाऱ्यांचे वेतन, या सर्वांचा खर्च होतच असतो. भक्तनिवासात तो देणगीदाराने उचललेला असतो. कोणा गृहस्थाने मातापित्यांच्या स्मरणार्थ, तर कोणी नवस फेडण्यासाठी ही रक्कम दिलेली असते. मग तिचा लाभ घेण्याचा अधिकार खरा कोणाचा?

तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देव मानण्याची आज्ञा केली आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक फोड आहे. न कळविता, अवेळी, थकून दारी आलेला वाटसरू येथे अभिप्रेत आहे. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट व धर्मशाळा बांधल्या त्या अशाच वाटसरूंसाठी. संत गाडगे महाराजांनी (१८७६ ते १९५६) लोकांकडून पैसा जमवून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या; स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. ज्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरीत पाठ टेकण्यास जागा मिळत नसे, त्या काळी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली गेली. पुढे १९४९ साली बाबांनी तीच वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. गरज जेथे अधिक, तेथे निवारा, हा या सर्व कार्यामागील एकच विचार होय.

आता एक प्रसंग कल्पून पाहावा. डिसेंबरचा अखेरचा आठवडा आहे. गोवा जवळ असल्याने किनाऱ्यावरील खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट झाले आहेत. भक्तनिवासात एकच खोली उरली आहे आणि एका कुटुंबाने ती आठ दिवस आधी दूरध्वनी करून राखून ठेवली आहे. हे कुटुंब मोटारीने गोव्याकडे निघालेले आहे, आणि येथील मुक्काम केवळ स्वस्त म्हणून निवडलेला आहे. तेवढ्यात गडहिंग्लजकडून आंबोली घाट उतरून आलेल्या शेवटच्या एस. टी.ने एक वृद्ध दांपत्य उतरते. त्यांनी काहीच कळविलेले नाही. खोली कोणाला द्यावी?

खोली वृद्धांनाच द्यावी, असे मन चटकन सांगते. परंतु दिलेला शब्द हाही धर्मच आहे. ज्या कुटुंबाला होकार दिला, त्याला रात्री नऊ वाजता दारातून परत पाठविणे अन्यायाचे ठरेल. शिवाय त्यांच्याबरोबरही लहान मूल असू शकते. हे पर्यटक आहेत, भक्त नव्हेत, म्हणून त्यांचा हक्क कमी, असेही म्हणता येत नाही. भक्ती मोजण्याचे माप कोणत्याही कार्यालयात नसते. आज समुद्र पाहण्यास निघालेला मनुष्य उद्या पहाटे गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहतो, आणि नेमाने वारी करणाऱ्याचे चित्तही कधी बाजारात असते. आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, या श्रद्धेने भाविक त्याला मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. ही राखण करताना तो कोणाची भक्ती किती, हे विचारीत असेल असे कोणी मानीत नाही.

म्हणजे या प्रसंगाचा निवाडा ऐनवेळी करता येत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो, आणि त्यात दोघांचा वाटा असतो. देवस्थानाने सर्व खोल्या आगाऊ नोंदणीस देऊ नयेत. एक-दोन खोल्या, निदान सभामंडपाची ओसरी व चार सतरंज्या, तिथीविना येणाऱ्यांसाठी राखाव्यात. दुसरा वाटा यात्रेकरूचा. आपली ऐपत किती, हे कोणत्याही कारकुनापेक्षा त्याला स्वतःला अधिक ठाऊक असते. ज्याला लॉजचे भाडे सहज परवडते, त्याने गर्दीच्या दिवसांत भक्तनिवासाची खोली सोडणे हे गुप्तदानच आहे. त्याची पावती मिळत नाही, आणि खोली कोणाला मिळाली हेही त्याला कधी कळत नाही.

अशा यात्रेकरूंसाठी अन्य सोयी पुष्कळ आहेत. आज राजवाड्याच्या आवारातही पाहुण्यांसाठी हॉटेल झाले आहे. ज्यांना परवडते त्यांनी तेथे अवश्य राहावे, त्यातून जुनी वास्तू जतन होण्यास हातभार लागतो. गावात साधे लॉज आहेत, आणि जिल्ह्यात अनेक कुटुंबे न्याहारी निवास चालवितात. किनाऱ्याऐवजी सावंतवाडी किंवा कुडाळ येथे मुक्काम ठेवून एस. टी.ने फिरल्यास खर्च बराच आटोक्यात राहतो. मे महिना, दिवाळी व डिसेंबरअखेर टाळल्यास दरही उतरलेले असतात. मात्र घरगुती निवास चालविणाऱ्या गृहिणीशी शेवटच्या दहा रुपयांपर्यंत घासाघीस करणे योग्य नव्हे. भक्तनिवासातील स्वस्ताई देणगीदाराने खुशीने दिलेली असते, तर येथील स्वस्ताई त्या माउलीच्या कष्टांतून कापली जाते.

मालवण तालुक्यातील आंगणेवाडीची श्री भराडी देवीची यात्रा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. या यात्रेला ठरलेली तिथी नाही. देवीच्या कौलाने दर वर्षी दिवस निश्चित होतो. लाखो भाविक येतात आणि ती छोटी वाडी सर्वांना सामावून घेते. तेथे कोणाला ऐसपैस जागा मिळत नाही. प्रत्येकजण थोडा सरकून बसतो, म्हणूनच सर्वांना जागा होते.

भक्तनिवासात उतरणाऱ्या भाविकांनी एवढेच ध्यानात ठेवावे. येणे रद्द झाल्यास त्वरित कळवावे, कारण रिकामी राहिलेली राखीव खोली म्हणजे कोणाची तरी उघड्यावर गेलेली रात्र. खोली वेळेवर सोडावी, पाणी जपून वापरावे, केर मागे ठेवू नये. शक्य असेल त्याने भाड्याशिवाय यथाशक्ती काही दानपेटीत टाकावे. कोणा अनोळखी दात्याने आपल्या रात्रीची सोय केली, तशी पुढे येणाऱ्या अनोळखी वाटसरूची सोय आपण करावी, हेच या निवाऱ्याचे खरे भाडे होय.