दात्याचा हेतू आणि रोग्याचे औषध

मदत करणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल, तर ती मदत घेणाऱ्याच्या पदरी जमा धरायची की नाही? आपल्याकडे हा प्रश्न कीर्तनात किंवा नीतिशास्त्राच्या तासाला निघतो. अमेरिकेत मात्र गेली काही वर्षे तो राज्याराज्यांच्या विधिमंडळांत निघत आहे, आणि तोही औषधाच्या बिलावरून. आपल्या भागातल्या अनेक घरांतली मुले तिकडे नोकरीला आहेत, त्यांना हे बिल ठाऊक आहे.

आधी तेथील व्यवहार पाहू. विम्याचा हप्ता भरला म्हणजे सगळा खर्च विमा कंपनी सोसते, असे तेथे नाही. वर्षारंभीचा ठरावीक खर्च रोग्याने स्वतः करायचा, पुढेही प्रत्येक औषधामागे काही वाटा उचलायचा. या स्वहिश्श्याची बेरीज वार्षिक मर्यादेला पोहोचली, की उरलेल्या वर्षाचा खर्च विमा कंपनीचा. २०१० च्या आरोग्य कायद्याने या मर्यादेवर अंकुश ठेवला. २०२५ साली एका व्यक्तीसाठी तो ९,२०० डॉलरचा होता.

हिमोफिलिया किंवा संधिवातासारख्या रोगावरची नवी औषधे इतकी महाग, की हा स्वहिस्साही अनेकांना झेपत नाही. मग औषध बनवणारी कंपनीच रोग्याला कूपन किंवा कार्ड देते आणि त्याचा वाटा स्वतः भरते. यात कंपनीचा धर्मादाय किती आणि धंदा किती, हे सांगायला नको. रोगी आपल्याच औषधाला धरून राहावा, म्हणजे बाकीची मोठी रक्कम विमा कंपनीकडून वसूल होते.

यावर विमा कंपन्यांनी उपाय काढला. कूपनचे पैसे दुकानात चालू द्यायचे, पण रोग्याच्या वार्षिक बेरजेत धरायचे नाहीत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मर्यादा ६,००० डॉलर, महिन्याचा स्वहिस्सा १,००० डॉलर आणि कूपनही एकूण ६,००० डॉलरचे. जूनअखेर कूपन संपते. जुलैत रोग्याला वाटते, आपली मर्यादा पुरी झाली. दुकानदार सांगतो, तुमच्या खात्यावर शून्य जमा आहे, हजार डॉलर काढा. डिसेंबरपर्यंत एकाच मर्यादेचे पैसे दोनदा वसूल झालेले असतात.

२०१९ साली व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांनी कायदे करून ही पद्धत अडवली. रोग्याच्या वतीने कोणीही पैसे भरले तरी ते त्याच्या बेरजेत धरले पाहिजेत, असा या कायद्यांचा आशय. पुढे वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले.

विमा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. स्वतःच्या खिशाला थोडी झळ बसली, की माणूस खर्चाचा विचार करतो. फुकट मिळाले की स्वस्त पर्याय असूनही महागाची वाट धरतो आणि त्याचा भार सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो. पण १९७० च्या दशकात रँड संस्थेने सुरू केलेल्या मोठ्या प्रयोगात असे दिसले, की स्वहिस्सा वाढला म्हणजे लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी करतात, आणि त्याचा फटका गरीब आजाऱ्यांना अधिक बसतो. ज्याला दुसरे औषधच नाही, त्याला काटकसर शिकवण्यात काय अर्थ?

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले दान राजस. कूपन हे तर उघडउघड राजस दान. परंतु हे वर्गीकरण देणाऱ्याच्या वृत्तीचे आहे. दात्याच्या लोभाची शिक्षा घेणाऱ्याने भोगावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय येथे विमा कंपनीचे वागणेही सरळ नाही. हा पैसा दूषित वाटत असेल तर तो नाकारावा. त्याने बिल भागू द्यायचे आणि हिशेबाच्या वेळी तो आलाच नाही म्हणायचे, याला नीती म्हणता येत नाही.

म्हणून हे कायदे मला न्याय्य वाटतात. पुरेसे मात्र वाटत नाहीत. कूपन मोजले गेल्याने औषधाची किंमत एका डॉलरनेही उतरत नाही. उलट कंपनीला किंमत चढी ठेवणे सोपे जाते. काही राज्यांनी यावर विवेकी तोड काढली आहे: त्याच औषधाचे स्वस्त जेनेरिक उपलब्ध असेल, तर कूपन मोजण्याची सक्ती नाही. जेथे निवड आहे तेथे जबाबदारी, जेथे निवड नाही तेथे आधार. दुसरी उणीव अधिकाराची आहे. १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे, जे मालक कामगारांच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात, त्यांच्या योजनांना राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत. एकाच गल्लीतल्या, एकाच रोगाच्या दोघांपैकी एकाला संरक्षण मिळते, दुसऱ्याला नाही.

दात्याच्या हेतूवरून मदत अडण्याचा अनुभव आपल्या सीमाभागालाही आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटक शासनाने विरोध केला. दोन्ही शासनांच्या हेतूंची चर्चा आपण पारावर आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ केली. शस्त्रक्रियेसाठी पैसे जुळवणाऱ्या घराची तितकी केली का?

दात्याच्या हेतूची चौकशी जरूर व्हावी. ती दात्याकडे व्हावी, किमती ठरतात तेथे व्हावी. औषधाच्या दुकानात, चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला अडवून ती करू नये.