कैदी आणि पहारेकरी

शास्त्रपाठ : उत्पत्ती 18:16-33

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली की देशांची नावं एका दमात घेतली जातात. उत्तर कोरिया, नायजेरिया, इराण, सोमालिया, इरिट्रिया. मग मंडळीतले आजारी, मग परीक्षेला बसलेली मुलं, आणि आमेन. यात खोटं काही नसतं. पण ज्या देशाबद्दल आपल्याला काडीची माहिती नाही, त्याच्यासाठी मागायचं तरी काय? ‘छळात असलेल्यांना बळ दे’ याच्या पुढे जीभ रेटत नाही. म्हणून आज एकच देश घेऊ, यादीच्या शेवटी पुटपुटला जाणारा इरिट्रिया.

तांबड्या समुद्राच्या काठचा हा लहानसा देश तीस वर्षं लढून 1993 मध्ये इथिओपियापासून वेगळा झाला. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष एकच, इसायास अफवेर्की. राष्ट्रीय निवडणूक आजवर झालेली नाही. मे 2002 मध्ये सरकारने ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी मुस्लिम एवढे चार समाज ठेवले आणि बाकीच्यांच्या प्रार्थनास्थळांना टाळं ठोकलं. घरात जमून प्रार्थना करणाऱ्यांचीही धरपकड सुरू झाली. मान्यता असलेलेही सुखात राहिले असं नाही. सरकारी ढवळाढवळीला विरोध करणारे ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख अबुने अँटोनियोस यांना 2006 मध्ये पदावरून काढलं. फेब्रुवारी 2022 मध्ये मरण येईपर्यंत ते नजरकैदेतच होते. 2019 मध्ये कॅथलिकांचे वीसहून अधिक दवाखाने सरकारने ताब्यात घेतले.

पकडलेल्यांपैकी अनेकांना लोखंडी कंटेनरमध्ये कोंडलं जातं. उरणहून पनवेलकडे येताना ट्रेलरवर लादलेले जे डबे दिसतात, तेच हे. त्यांना खिडकी नसते. अस्मारा हे राजधानीचं शहर सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे दिवसा पत्रा पाठ टेकू देत नाही आणि रात्री तोच पत्रा हाडं गारठवतो. हेलन बेरहाने ही भक्तिगीतं गाणारी तरुणी. 2004 मध्ये तिला अटक झाली आणि अस्माराजवळच्या माय सेरवा छावणीत अशाच डब्यात ठेवलं गेलं. यापुढे ख्रिस्ताचं काम करणार नाही असं लिहून दे, सही कर आणि घरी जा, एवढंच तिच्याकडे मागत होते. तिने सही केली नाही. 2006 च्या अखेरीस ती सुटली, तेव्हा मारहाणीने पाय निकामी व्हायच्या बेतात आले होते. पुढे तिला डेन्मार्कने आसरा दिला.

इथवर प्रार्थना आपोआप होते. हेलनसाठी डोळे मिटायला कुणी शिकवावं लागत नाही. आता त्या डब्याला बाहेरून कडी घालणाऱ्याकडे बघू.

इरिट्रियात सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. कायद्याने मुदत अठरा महिने, प्रत्यक्षात तिला अंत नाही. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं माणसं त्यात अडकून पडतात. शाळेचं शेवटचं, म्हणजे बारावीचं वर्ष मुलामुलींनी घरापासून लांब, सावा या लष्करी छावणीत काढायचं. परीक्षा तिथेच, आणि तिथूनच पुढची भरती. तेव्हा पहाऱ्यावर उभा असलेला पोरगा बहुधा हौसेने तिथे आलेला नसतो. त्याला नोकरी सोडता येत नाही, परवानगीशिवाय देश सोडता येत नाही. पळून जाणाऱ्यांचं काय होतं हे जगाने 3 ऑक्टोबर 2013 रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाजवळ पाहिलं. बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक इरिट्रियाची. त्यांतले कितीतरी जण हीच सेवा चुकवून निघाले असतील. आत बसलेला विश्वासापायी कैदी आणि बाहेरचा बंदुकीसकट कैदी. हे कळल्यावर आपली प्रार्थना जरा अडखळली, तर अडखळू द्यावी.

आता आजच्या शास्त्रपाठाकडे वळू. सदोम नगर वाचावं म्हणून अब्राहामाने देवाशी केलेली घासाघीस आपण पुष्कळदा ऐकली आहे. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? उतरत उतरत तो दहावर येतो. मला त्यात आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट खुणावते. त्याचा पुतण्या लोट सदोमात राहत होता, आणि एवढ्या बोलण्यात अब्राहामाने लोटाचं नाव एकदाही घेतलं नाही. ‘माझ्या माणसाला तेवढं बाहेर काढ’ असं म्हणणं किती सोपं होतं! त्याने मागितलं ते अख्ख्या नगरासाठी, आणि ते नगर काही भल्या माणसांचं नव्हतं. पुढे सदोम वाचलं नाही. ते सावरून घेण्यासाठी आपण उपदेशात नाना युक्त्या लढवतो, आणि मला त्या कधी पटलेल्या नाहीत. मागितलेलं मिळालं नाही. पण अब्राहामाची आठवण ठेवून देवाने लोटाला बाहेर काढलं, असं पुढच्याच अध्यायात आहे. ज्याचं नाव त्याने घेतलंच नव्हतं, त्याला.

‘आपल्यांसाठी’ मागता मागता प्रार्थनेत हळूच कुठल्या तरी दुसऱ्या धर्माची तक्रार मिसळते. असं आपल्याकडे होतं, नाकारू नये. इरिट्रियात तर त्या तक्रारीला जागाच नाही. हाजी मूसा मोहम्मद नूर हे नव्वदी ओलांडलेले मुस्लिम गृहस्थ. अस्मारातली त्यांच्या समाजाची शाळा सरकारच्या हाती द्यायला त्यांनी नकार दिला. ऑक्टोबर 2017 मध्ये त्यांना अटक झाली आणि मार्च 2018 मध्ये कोठडीतच ते वारले. त्यांच्या घरच्यांसाठी आपण मध्यस्थी करायची की नाही? अब्राहामाला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे.

आणि राष्ट्राध्यक्षांसाठीही करायची. पौलाने तीमथ्याला राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं, ते रोमी सत्तेखाली राहून. यिर्मयाने तर बंदिवानांना पत्र धाडून बाबेलच्याच भल्यासाठी प्रार्थना करायला लावलं. ऐकणाऱ्यांच्या घशाखाली ते सहज उतरलं नसणार. आपल्याही उतरत नाही.

पूर्ण सुवार्ता मंडळीचे पाळक हाइले नाइझगी आणि किफ्लू गेब्रेमेस्केल मे 2004 पासून अटकेत आहेत. किफ्लू हे गणिताचे विद्वान, विद्यापीठातली नोकरी सोडून मंडळीच्या सेवेत आलेले. वीस वर्षं उलटून गेली, दोघांवर खटला म्हणून चाललेला नाही. ज्यांनी 2004 मध्ये त्यांच्यासाठी गुडघे टेकले, त्यांतल्या काहींना एव्हाना मूठमाती मिळाली असेल. तेव्हा आज फार मोठं काही मागायला नको. या दोघांना न्यायाधीशापुढे उभं करावं, घरच्यांना त्यांना भेटू द्यावं, आणि पहाऱ्यावरच्या पोराला आईकडे जायला चार दिवसांची सुट्टी मिळावी.