सत्तेचाळीस घोडे आणि एक सही

पस्तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाकडे घरातली मंडळी दोनच वेळा येतात. एक, सल्ला ऐकायचा नसतो तेव्हा. आणि दोन, सही हवी असते तेव्हा. पुतण्या आला होता सहीसाठीच, पण मुलगा सभ्य. त्यानं सुरुवात सल्ल्यानं केली.

"काका, मोठी गाडी घ्यावी म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

मोठी गाडी म्हणजे चार चाकांची, अशी आमच्या पिढीची भाबडी समजूत. मी लगेच म्हटलं, "घे की! तुझ्या आईबाबांना तेवढीच वेरूळ-घृष्णेश्वरची वारी घडेल." त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. चाकं दोनच होती. बाकी सगळं मात्र मोठं होतं. इंजिन साडेसहाशे सीसीचं, वजन दोनशे किलोंच्या वर, आणि ताकद सत्तेचाळीस हॉर्सपॉवर.

सत्तेचाळीस घोडे! मी क्रांती चौकाजवळ राहतो. चौकात उंच चौथऱ्यावर शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. एका घोड्यावर बसून त्यांनी जे केलं त्याचा इतिहास झाला. हा सत्तेचाळीस घोडे घेऊन शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणार! बरं, घोडे तरी स्वतःचे असावेत? मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आमचे चिरंजीव दिसायला अगदी शिलेदार. घोडे मात्र बँकेचे, पाच वर्षांच्या हप्त्यावर. बँकेला जामीनदार हवा होता आणि धाकट्या भावानं, म्हणजे त्याच्या बापानं, साफ नकार दिला होता. "दादाच्या सहीवर आण, नाहीतर सायकल घे," एवढं बोलून तो पेपर वाचायला बसला. कठीण प्रश्न थोरल्या भावाकडे ढकलायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे.

मी फॉर्म हातात घेतला. बँकेनं पुतण्याचा पगार, त्याचा पत्ता, त्याची जुनी देणी असं सगळं बारकाईनं विचारलं होतं. हप्ता फेडता येईल का, हा प्रश्न तीन वेगवेगळ्या रकान्यांत होता. गाडी चालवता येईल का, याला रकानाच नव्हता. म्हणून तो मीच विचारला.

"चालवता येते का तुला एवढी गाडी?"

"लायसन्स आहे ना, काका!"

त्यानं खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं, आणि मी गप्प झालो. का झालो ते पुढं सांगतो. आधी त्या कार्डाविषयी.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीचे मुख्य प्रकार दोन. गिअर नसलेली आणि गिअर असलेली. एकदा 'गिअर असलेली' हा शिक्का मिळाला की विषय संपला. भाजीला जायची शंभर सीसीची गाडी, जिच्यात आठ घोडे तेही अर्धपोटी, आणि ही सत्तेचाळीस घोड्यांची पागा, दोन्ही कायद्याच्या लेखी एकच. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची. मित्राची हलकीफुलकी मोटरसायकल घेऊन पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवला, की दुसऱ्या दिवशी हजार सीसीच्या गाडीवर बसून कन्याकुमारीला जायला तुम्ही मोकळे. पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात पास झालेल्या माणसाला समुद्राची सनद द्यावी, तसलाच हा प्रकार.

युरोपातली मंडळी या बाबतीत सासूसारखी चिकट आहेत. तिथं आधी सव्वाशे सीसीचं लायसन्स, मग पस्तीस किलोवॉटपर्यंतचं, ते दोन वर्षं वापरल्यावर पुन्हा परीक्षा, आणि मग मोठी गाडी. एकदम मोठीच हवी असेल तर साधारणपणे वयाची चोविशी गाठावी लागते. जपानात तर चारशे सीसीच्या वर वेगळंच लायसन्स. १९९६ पर्यंत या लायसन्सची सोय ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नव्हती. सरकारी केंद्रात जाऊन परीक्षा द्यायची आणि नापास होऊन परत यायचं, असा शिरस्ता होता. त्या परीक्षेतला एक प्रकार मला फार आवडतो. पंधरा मीटर लांब आणि फक्त तीस सेंटिमीटर रुंद अशी एक बुटकी पट्टी. तिच्यावरून मोठी गाडी न्यायची. तुम्हाला वाटेल, वेगानं न्यायची असेल. छे! निदान दहा सेकंद लागले पाहिजेत. लवकर पोचलात तर गुण कापतात आणि पट्टीवरून चाक घसरलं तर थेट नापास. आडवी पडलेली गाडी एकट्यानं उचलून उभी करायलाही शिकवतात. तुम्हाला किती हळू जाता येतं आणि पडल्यावर काय करता येतं, एवढंच ते लोक विचारतात. पळवायला काय, मूठ पिळली की कोणीही पळवतो.

आपल्याकडे अशी परीक्षा कधीच नव्हती असं मात्र नाही. होती. ती गाडी स्वतःच घ्यायची. जुनी बुलेट आठवते का? आधी अँपिअरचा काटा मध्ये आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून किक जागेवर आणायची, आणि मग देवाचं नाव घेऊन अख्ख्या देहानिशी खाली यायचं. चुकलात तर किक उलटी येऊन पोटरीवर असा काही निकाल द्यायची की आठवडाभर लंगडत फिरावं. या परीक्षेला शिफारस चालत नसे, एजंट चालत नसे. आमच्या कॉलेजचे एक व्यायामशिक्षक तीन वेळा नापास होऊन पुन्हा लुनावर गेलेले मी पाहिलेत. आता बटन आलं. बटनाला माणूस ओळखता येत नाही.

आता मी गप्प का झालो ते सांगतो. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सन १९८५. वाळूजला बजाजचा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला होता आणि तेव्हाचं औरंगाबाद हळूहळू सायकलवरून उतरून स्कूटरवर बसत होतं. मी तेवीस वर्षांचा, नवा कोरा लेक्चरर. लायसन्स दुसऱ्या एका जिल्ह्यात काढलेलं. कुठं ते विचारू नका. मी फोटो दिले, एजंटनं कार्ड दिलं, मध्ये काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. म्हणजे एजंटला आणि फोटोला. स्कूटर येत होती, आणि तेवढ्या भांडवलावर एका संध्याकाळी मित्राची बुलेट मागून घेतली. किक मित्रानंच मारून दिली. हा तपशील महत्त्वाचा आहे. परीक्षेला डमी बसवल्यासारखंच ते.

क्रांती चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता, गर्दीही आजच्या मानानं किरकोळ. समोर एक दूधवाला सायकलवरून रस्ता ओलांडत होता. दोन्ही बाजूंना किटल्या. मी ब्रेक दाबला. म्हणजे स्कूटरच्या सवयीनं उजवा पाय दाबला. जुन्या बुलेटला ब्रेक डाव्या पायात आणि गिअर उजव्या. मी दाबला तो गिअर. थांबायचं सोडून गाडी वरच्या गिअरमध्ये गेली.

दूध रस्त्यावर पांढरं पसरलं, ते अजून दिसतं. दूधवाला मनगट धरून मध्येच बसलेला. त्यानं आरडाओरडा केला नाही, शिवी दिली नाही. वर बघून एवढंच विचारलं, "साहेब, येती का चालवायला?"

आणि मी, तर्कशास्त्राचा प्राध्यापक, खिशातून लायसन्स काढून त्याच्यासमोर धरलं. "लायसन्स आहे माझ्याकडे."

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं चांगल्या हातानं ते घेतलं, नीट पाहिलं, आणि परत देत म्हणाला, "फोटो तुमचाच हाय."

दुधाचे पैसे दिले. प्लास्टरचेही दिले. हात दीड-दोन महिने गळ्यात होता. त्या काळात आमच्या गल्लीत दूध घालायला त्याचा मुलगा यायचा. दहा-अकरा वर्षांचा असेल, किटली दोन्ही हातांनी धरून चालत. सकाळच्या शाळेच्या वेळात. मी खिडकीतून पाहायचो आणि बाजूला व्हायचो. त्या किटलीचे पैसे कुणी मागितले नाहीत आणि मी दिले नाहीत.

तर चाळीस वर्षांनी तेच उत्तर, त्याच ऐटीत, माझ्याच पुतण्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस गप्प होणार नाही तर काय करणार?

पण पुतण्या वादाला पक्का आहे. (माझ्याकडूनच शिकला, हे माझं दुर्दैव.) म्हणाला, "काका, पडलो तर मी पडेन. माझं आयुष्य, माझा हप्ता. सरकारला काय त्याचं?" हा प्रश्न तसा जुना आहे. मिल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ सालीच त्याचा ऊहापोह केलाय. आपल्या आगरकरांचा हा आवडता ग्रंथकार. १८५९ म्हणजे आमच्या शहरातल्या घोडदळाच्या बंडानंतर दोनच वर्षांनी. त्या बंडवाल्यांच्या आठवणीचा काळा चबुतरा इथं क्रांती चौकातच आहे. मिल म्हणतो, एखादा माणूस धोक्याच्या पुलावरून जायला निघाला आणि त्याला धोका माहीत नसेल, सांगायला वेळही नसेल, तर खुशाल धरून मागे ओढा. कारण नदीत पडायची त्याची इच्छा नसते. पण धोका समजून-उमजून जात असेल तर फक्त बजावा, अडवू नका. हे मी पस्तीस वर्षं शिकवलं आणि पोरांनी पस्तीस वर्षं उतरवून घेतलं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली. मिलच्या पुलावर तो माणूस एकटा आहे. क्रांती चौकात एकटा कधीतरी कोणी असतो का? मोर्चे असतात, रिक्षा असतात, रस्ता ओलांडायला पाच मिनिटं मुहूर्त शोधणाऱ्या म्हाताऱ्या असतात. त्यांना कुणी बजावलंय? आणि दूधवाल्यानं कुठल्या फॉर्मवर सही केली होती?

हे मी त्याला ऐकवलं. त्यावर तो म्हणाला, "मग चार प्रकारची लायसन्सं काढली म्हणजे सुधारेल सगळं? चार लायसन्सं म्हणजे चार एजंट, काका!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. कायदा कडक केला की परीक्षा कडक होईलच असं नाही. कधीकधी नुसता भाव वाढतो. तो असंही म्हणाला की महागाची गाडी माणूस जिवापाड जपून चालवतो, चौकात कट मारतात ते शंभर सीसीवालेच. यातही तथ्य आहे. शेवटी मी माझा अधिकार वापरला. तर्काचा नव्हे, सहीचा. म्हटलं, "पंधरा मीटर. दहा सेकंद. मग सही."

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही आमखास मैदानावर गेलो. खो-खोचं मैदान आखतात तशा चुन्याच्या दोन रेषा मारल्या, एक फुटाचं अंतर ठेवून. गाडी त्याची सध्याची, सव्वाशे सीसीची. घड्याळ माझं. पहिल्या फेरीत तो चार सेकंदांत पलीकडे. "बघा!" म्हणाला. मी म्हटलं, "नापास." दुसऱ्या फेरीत सहाव्या सेकंदाला पाय टेकला. तिसऱ्यात रेषा सोडून थेट फिरायला आलेल्या मंडळींत. मग ती मंडळी तिथंच थांबली. या शहरात फुकट परीक्षा बघायला माणसं कमी पडत नाहीत. एका दाढीवाल्या चाचांनी सल्ला दिला, "मियाँ, पहले सायकल पे बिठाओ इसको!" दुसऱ्यानं मला विचारलं, "तुम्हाला येतंय का, सर?"

मी स्कूटर घेतली. चाळीस वर्षांचा अनुभव. तिसऱ्या सेकंदाला डावा पाय खाली, चौथ्याला उजवा. पुतण्यानं हात पुढे केला. "काका, लायसन्स दाखवा."

सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येताना चौकात चहाला थांबलो, तेव्हा त्याला दूधवाल्याचं सांगितलं. उजव्या पायाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, किटलीचं पण. तो काही बोलला नाही. चहा निवला. नंतर एवढंच म्हणाला, "त्या मुलाचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. चाचा आमच्या आधी हजर असतात. चुना आता तेच टाकतात. भावजयीचं मत असं, की "भाऊजींनी पोराला सर्कशीत घातलाय." सात सेकंद झाले, मग आठ. मधल्या दोन रविवारी पुन्हा पाच. परवाच्या रविवारी तो रेषेवर आला, मुठीत क्लच अर्धा धरलेला, नजर चाकावर नाही, थेट समोर. गाडी चालतेय की उभी आहे ते कळेना. चाचांनी तंबाखू मळायची थांबवली.

पलीकडे पोचला तेव्हा मी घड्याळ दोनदा पाहिलं. अकरा. फॉर्म माझ्या खिशात होता, पेनही होतं.

हेल्मेट काढत त्यानं विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "नऊ."